जीवशास्त्राचे खात्रीचे संदर्भ कॉलेजच्या ग्रंथालयातून कसे मिळवायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी.चा फील्ड प्रोजेक्ट असो, एम.एस्सी.चं डिझर्टेशन असो की आविष्कार संशोधन स्पर्धेचं पोस्टर, संदर्भ विभागात येणारे प्रश्न तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि बायोटेक अशा सगळ्यांनाच ती उपयोगी पडतील. शास्त्रीय नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शोधताना अर्थातच रोमन स्पेलिंग टाकायचं.

गुगलवर सगळं मिळतं. मग ग्रंथालयात कशाला यायचं?

बरंच मिळतं, खरं आहे. उदाहरणच घ्या : कारवी किती वर्षांनी फुलते? ट्रेकिंगच्या पानांवर सात मिळेल, आठ मिळेल, कुठे तर बारासुद्धा. बारा वर्षांची गोष्ट नीलकुरिंजीची आहे. ती त्याच प्रजातीतली (जीनस), पण दक्षिणेकडची वेगळी जाती (स्पीशीज). कुणीतरी दोन्हींची सरमिसळ केली आणि बाकीच्यांनी ती उतरवून घेतली. कुठल्या डोंगरावर, कुठल्या साली, कुणी पाहिलं, याचा त्या पानांवर पत्ता नसतो. प्रोजेक्टमध्ये लिहायचं तर तोच पत्ता लागतो.

आणि जिथे तो असतो, ते शोधनिबंध बऱ्याचदा पैसे मागतात. त्यातले पुष्कळसे आपल्या ग्रंथालयाच्या वर्गणीत येतात, आणि ती वर्गणी तुमच्या फीमधून आधीच गेलेली आहे.

एन-लिस्ट म्हणजे काय? त्याचा पासवर्ड कोण देतं?

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना आहे. कॉलेजनं वार्षिक वर्गणी भरली की विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना सहा हजारांहून अधिक ई-जर्नल्स आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं उघडतात. खातं आपण स्वतः काढत नाही. ग्रंथपाल तुमचं नाव आणि ईमेल यादीत घालतात, मग लॉगिन ईमेलवर येतं. स्पॅममध्येही बघा. पुष्कळ जणांचा पासवर्ड पहिल्या वर्षापासून तिथेच पडून असतो. एकदा लॉगिन झालं की घरून, होस्टेलवरून, कुठूनही चालतं.

जर्नलची यादी दर वर्षी थोडी बदलते. मागच्या वर्षीच्या सीनियरला उघडलेला लेख तुम्हाला उघडत नसेल तर कारण बहुधा हेच.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं आहे ना? मग आता सगळंच मोफत?

सगळंच नाही आणि सगळ्यांनाही नाही. केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर 2024 मध्ये योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि जवळपास 13,000 जर्नल्स असा तिचा आवाका आहे. पण ती सुरू झाली केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित किंवा विनाअनुदानित. त्यामुळे आपलं कॉलेज त्यात आहेच असं धरून चालू नका, काउंटरवर विचारा. नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी मिळते का ते पाहा. आपल्या ग्रंथपालांचं पत्र नेलं तर काम सोपं होतं.

इकॉलॉजीची पुस्तकं दोन वेगळ्या कपाटांत का आहेत?

कारण पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणाच्या 1996 च्या आवृत्तीत जीवशास्त्राची मांडणी बदलली. त्याआधी सामान्य जीवशास्त्र 574 खाली असे आणि परिस्थितिकी 574.5 खाली. नंतर ते अनुक्रमे 570 आणि 577 झालं. जुन्या पुस्तकांवरची लेबलं बदलायला कुणाकडे माणसं आहेत? म्हणून जुनं एकीकडे, नवं दुसरीकडे. दोन्ही कपाटं पाहायची. वनस्पती 580 पासून आणि प्राणी 590 पासून. कोलन वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राला 'आय' आणि प्राणिशास्त्राला 'के' हे अक्षर असतं.

ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची सूची) सोल, कोहा किंवा स्लिम यांपैकी कुठल्याही सॉफ्टवेअरवर असो, शोधताना शीर्षकाऐवजी विषयाच्या रकान्यात शब्द टाकून पाहा. आणि पुस्तक सापडलं की त्याच्या डावी-उजवीकडची पाच-सहा पुस्तकंही चाळा. वर्गीकरण त्यासाठीच केलेलं असतं.

विषय ठरला आहे. शोध कुठून सुरू करू?

जिवाच्या नावापासून. जीवशास्त्रात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

समजा विषय आहे भातशेतीतला बेडूक आणि कीटकनाशकं. आपल्या जुन्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकांत बेडूक म्हटलं की 'राना टायग्रिना'. पावसाळ्याच्या सुरुवातीला पिवळाधमक होऊन ओरडणारा तो मोठा बेडूक. गोव्यात याच्याच तंगड्या 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून खपतात. आता हे नाव टाकून शोधलंत तर जुने लेख मिळतील आणि अलीकडे यावर काहीच काम झालेलं नाही असं वाटेल. झालेलं आहे, पण दुसऱ्या नावाखाली. या बेडकाचं आजचं नाव 'होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस'. शिवाय दोदँ या प्राणिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलेलं मूळ नाव 'राना टायगेरिना' होतं. आपल्या पुस्तकांत त्यातला एक 'ई' गळाला. म्हणजे एका बेडकासाठी तीन नावं शोधायची, मध्ये 'ऑर' घालून आणि प्रत्येक नाव दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवून.

ही जुनी-नवी नावं कुठे मिळतात? उभयचरांसाठी अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची 'अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड', सरपटणाऱ्यांसाठी 'रेप्टाइल डेटाबेस', माशांसाठी 'फिशबेस', वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाची 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'. सगळ्या मोफत. रानकांद्याचं 'अर्जिनिया इंडिका' जाऊन 'ड्रिमिया इंडिका' कधी झालं, साध्या भेकाचं 'ब्युफो' जाऊन 'डटाफ्रायनस' का झालं, हे तिथे कळतं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. सगळीच जुनी नावं सरळ बदलता येत नाहीत. 'राना लिम्नोकॅरिस' या नावानं भारतातल्या शेतांतल्या छोट्या बेडकांवर कितीतरी लेख आहेत. पण ते नाव मुळात जावा बेटावरच्या बेडकाचं. आपल्याकडचे बेडूक वेगळ्या जातींचे आहेत, तेही एकाच नव्हे. तेव्हा जुन्या लेखकानं नेमका कोणता बेडूक पाहिला होता, हे नावावरून ठरवता येत नाही. लेखात ठिकाण आणि जतन केलेल्या नमुन्याचा क्रमांक दिला असेल तरच काही सांगता येतं. अशा वेळी प्रोजेक्टमध्ये 'लेखकानं अमुक नावाखाली दिलेली नोंद' असं लिहावं, नाव आपल्या मनानं सुधारू नये.

पबमेड वापरू की गुगल स्कॉलर?

विषयावर आहे. पबमेड या शोधनिबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, पण तिचा कल वैद्यकाकडे. पेशी, जनुकं, जंतू, औषधी वनस्पतींचे घटक यांसाठी आधी पबमेड. तिथे बहुतेक नोंदींना 'मेश' नावाची ठरावीक विषयशब्दांची लेबलं लावलेली असतात. एक चांगला लेख सापडला की त्याच्या खालची मेश लेबलं वाचा आणि तेच शब्द घेऊन पुन्हा शोधा. हवं ते इतक्या लवकर दुसऱ्या कशानं हाती लागत नाही.

सह्याद्रीतलं गवत, खाडीतले खेकडे, जिल्ह्यातली फुलपाखरं असा विषय असेल तर पबमेडमध्ये फारसं मिळणार नाही. तिथे गुगल स्कॉलर बरं. फक्त एक ध्यानात घ्या : स्कॉलर निवड करत नाही. विद्यापीठाचा प्रबंध, उत्तम जर्नलमधला लेख आणि पैसे घेऊन छापलेला कचरा, तिन्ही एकाच रांगेत येतात. निवडायचं काम तुमचं. स्कॉलरचं खरं मोल 'साइटेड बाय' या दुव्यात आहे. 1990 चा एक भरवशाचा लेख हाती लागला, की त्यानंतर त्याचा आधार कुणीकुणी घेतला हे एका क्लिकवर दिसतं.

पेपर उघडला की तीस-चाळीस डॉलर मागतात. काय करू?

भरू नका. स्कॉलरमध्ये त्या नोंदीखाली 'ऑल व्हर्जन्स' दाबा. लेखकानं स्वतःच्या संस्थेच्या साइटवर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे असते. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' बसवून घ्या, कायदेशीर मोफत प्रत असेल तर ते दाखवतं. पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख मोफत असतात. भारतीय जर्नल्सपैकी बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या साइटवर 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस' आणि 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' यांचे जुने अंक खुले आहेत. (हे दुसरं जर्नल 1910 मध्ये इंग्लंडात सुरू झालं आणि जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले तेव्हा ते सोबत घेऊन आले.) कोइमतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' पूर्ण मोफत आहे, आणि आपल्या भागातल्या जातींच्या नोंदींसाठी फार कामाचं.

एवढं करूनही नाही मिळालं तर ज्या लेखकाचा ईमेल दिला आहे त्याला दोन ओळी लिहा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात. आपलं कॉलेज डेलनेटचं (ग्रंथालयांमधल्या देवाणघेवाणीचं जाळं) सभासद असेल तर ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवूनही देतात.

लेख विश्वासार्ह आहे हे ओळखायचं कसं? 'पिअर रिव्ह्यूड' (त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं) लिहिलेलं पुरे का?

लिहायला काय जातं? 2013 मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकारानं एक बनावट शोधनिबंध रचला. विषय होता दगडफुलातून काढलेलं कर्करोगविरोधी रसायन. हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल, म्हणजे लायकेन. प्रयोगातल्या चुका मुद्दाम इतक्या ढोबळ ठेवल्या होत्या की जाणत्या समीक्षकाला पाच मिनिटांत दिसाव्यात. लेख 304 खुल्या (वाचकांना मोफत असलेल्या) जर्नल्सना पाठवला. 157 नी स्वीकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातली सर्वाधिक होती, हे आपल्याला झोंबायला हवं.

म्हणून शिक्क्यावर विसंबू नका. जर्नल 'डीओएजे' या खुल्या जर्नल्सच्या निर्देशिकेत किंवा पबमेड-स्कोपसमध्ये खरोखर आहे का, हे त्या निर्देशिकेतच जाऊन पाहा. जर्नलच्या साइटवरच्या दाव्यावरून नको. नामांकित जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) चोरून उभ्या केलेल्या नकली साइटसुद्धा असतात. अंक चाळा : एकाच अंकात मत्स्यपालन, वाणिज्य आणि योगाभ्यास असेल तर परत फिरा. 'तीन दिवसांत स्वीकृती' हे वाक्य दिसलं तरीही.

मग लेखाकडे वळा. मी तर आधी 'पद्धती' हा भाग वाचायला सांगेन, गोषवारा नंतर. किती नमुने घेतले, कुठून, कोणत्या महिन्यात, तुलनेसाठी कंट्रोल गट होता का? कडुनिंबाच्या अर्कानं जंतू मेले म्हणणाऱ्या लेखात अर्क ज्या द्रावकात काढला त्या नुसत्या द्रावकाची चाचणी आहे का? नसेल तर जंतू कडुनिंबानं मेले की अल्कोहोलनं, हे कुणी सांगावं? आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्ये उतरवून घेतलेल्या असंख्य लेखांत हीच एक गोष्ट राहून गेलेली असते.

यूजीसी-केअर यादीतलं जर्नल घेतलं तर चालेल ना?

मान्य जर्नल्सची ती यूजीसीची यादी आता नाही. 2018 मध्ये केअरची सुरुवात झाली आणि 2025 मध्ये यूजीसीनं ती बंद करून निकष दिले. त्यांवर पारखायचं काम संस्थांवर सोपवलं. 'यूजीसी-केअर लिस्टेड' असा बॅनर अजून मिरवणारी जर्नल्स आहेत. त्या बॅनरवरून आज काहीच ठरत नाही.

चांगल्या जर्नलमध्ये छापून आलं म्हणजे झालं ना?

बहुतेक वेळा. पण मागे घेतलेले लेखही असतात. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरून जगतो, अगदी डीएनएमध्येसुद्धा, असा लेख 2010 च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स'नंच प्रसिद्ध केला. गाजावाजा झाला. 2012 मध्ये इतरांनी प्रयोग करून तो दावा टिकत नसल्याचं दाखवलं. लेख प्रत्यक्ष मागे घेतला गेला जुलै 2025 मध्ये, तोही लेखकांच्या विरोधाला न जुमानता. लबाडीचा आरोप नव्हता, निष्कर्ष पुराव्यावर उभा राहत नव्हता एवढंच. मधल्या काळात छापलेल्या पुस्तकांत आणि नोट्समध्ये तो जिवाणू अजून सुखानं आर्सेनिक खातो आहे.

तपासणं सोपं आहे. पबमेडवर अशा लेखाच्या डोक्यावर ठळक सूचना असते. प्रकाशकाच्या पानावरही असते. डाउनलोड करून मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवर नसते. म्हणून पीडीएफ कुठूनही मिळाली तरी डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून मूळ पान एकदा उघडा.

बायोआर्काइव्हवरचा लेख चालेल?

तो प्रीप्रिंट आहे, म्हणजे समीक्षेआधीचा मसुदा. 2020 च्या जानेवारीअखेर करोना विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे सापडल्याचा दावा करणारा मसुदा तिथे आला. काही दिवसांतच तो लेखकांनी मागे घेतला, पण तोवर फॉरवर्ड होत गल्लीबोळात पोचला होता. वापरायचाच तर 'प्रीप्रिंट' असं स्पष्ट लिहून वापरा, आणि पुढे तो जर्नलमध्ये आला का ते पाहा.

शोधगंगेवरचे प्रबंध संदर्भ म्हणून देता येतात का?

येतात. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते. तुमच्याच तालुक्यातल्या तळ्याचं पाणी कुणीतरी वीस वर्षांपूर्वी तपासलेलं असण्याची शक्यता चांगलीच असते, आणि ते जर्नलमध्ये कधीच आलेलं नसतं. तुलनेसाठी याहून चांगलं काय?

पण दर्जा फार खालीवर आहे. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणातून संदर्भ उचलताना मूळ लेख स्वतः उघडा. एकानं साल चुकीचं लिहिलं की पुढचे दहा प्रबंध तीच चूक घेऊन चालतात.

महाराष्ट्रातल्या वनस्पती-प्राण्यांच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'वर, मोफत. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 दरम्यान प्रसिद्ध केलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची तिथे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 1886 पासूनच्या नियतकालिकाचे जुने खंडही आहेत. नंतरच्या काळासाठी बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियानं 1996 ते 2001 दरम्यान काढलेले महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड पाहा. ते बऱ्याच कॉलेजांत संदर्भ विभागात कुलपात असतात, मागितले की मिळतात.

ओळख पक्की करायची असेल तर पुण्यात सर्व्हेच्या पश्चिम विभागाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं, अशी दोन हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह) आहेत. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन, आधी वेळ ठरवून जावं. आयनॅचरलिस्टवरची 'रिसर्च ग्रेड' नोंद म्हणजे ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत. वाघळासाठी किंवा निलवंत फुलपाखरासाठी ते ठीक; गवतं, कोळी आणि भुंगेरे यांच्या बाबतीत फोटोवर भिस्त ठेवू नये.

चॅटजीपीटीनं संदर्भांची यादी दिली आहे. तीच लावू?

एकेक संदर्भ शोधून उघडल्याशिवाय नाही. अशा यादीत लेखक खरे, जर्नल खरं आणि लेख अस्तित्वातच नाही, असं सर्रास होतं. शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून क्रॉसरेफवर (डीओआयची नोंद ठेवणारी साइट) आणि स्कॉलरवर शोधा. दोन्हीकडे नाही म्हणजे बहुधा नाहीच. शोधशब्द सुचवायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला ते साधन वापरा, हरकत नाही.

विकिपीडिया?

वाचा, तळटीपांपर्यंत जा, तिथले लेख उघडा. यादीत विकिपीडिया लिहू नका.

मराठीतून काही मिळतं का?

मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि त्यातल्या जीवशास्त्राच्या नोंदी अभ्यासकांनी लिहिलेल्या आहेत. कुमार विश्वकोशाचे जीवसृष्टी आणि पर्यावरणावरचे भागही चांगले. विषयाची तोंडओळख आणि मराठी संज्ञा यांसाठी दोन्ही वापरावेत. विश्वकोशाच्या जुन्या नोंदींतली शास्त्रीय नावं मात्र वर सांगितल्याप्रमाणे तपासून घ्या. ताजं संशोधन जवळपास सगळं इंग्रजीतच येतं.

संदर्भसूची हातानं लिहायची का?

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे आणि मागे घेतलेला लेख तुमच्या संग्रहात असेल तर तसा इशाराही देतं. फक्त शास्त्रीय नावं तिरक्या अक्षरांत करणं आणि नावातल्या जातीचं पहिलं अक्षर लहान ठेवणं हे तुम्हालाच पाहावं लागतं.

ग्रंथपालांना विचारायला येताना काय घेऊन यायचं?

प्रश्न एका वाक्यात, जिवाचं शास्त्रीय नाव स्पेलिंगसह, आतापर्यंत कुठे कुठे शोधलं ते, आणि सबमिशनची तारीख. 'बायोडायव्हर्सिटीवर काहीतरी द्या' म्हणालात तर कपाट दाखवलं जाईल. डेलनेटवरून लेखाची प्रत ईमेलनं येऊ शकते, पण पुस्तक टपालानं येतं. तेव्हा सबमिशनच्या किमान महिनाभर आधी या. परीक्षेच्या दिवसांत संदर्भ विभागात गर्दी असते. दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना तुलनेनं निवांत मिळतं.